गाणं एकाचं, रेकॉर्डिंग दुसऱ्याचं: न्यू रॅडिकल्सच्या एकुलत्या एका अल्बमचं अर्थकारण

मे २०२५ मध्ये टेलर स्विफ्टने आपल्या पहिल्या सहा अल्बमची रेकॉर्डिंग्ज एका गुंतवणूक कंपनीकडून विकत घेतली. बातमी वाचून बऱ्याच जणांना एकच प्रश्न पडला. गाणी हिनेच लिहिली, हिनेच गायली, मग ती विकत कसली घ्यायची? आणि ती तिची नव्हतीच, तर २०२१ पासून त्याच गाण्यांच्या नव्या आवृत्त्या ती कुठल्या हक्काने काढत होती?

हे कोडं सोडवायला टेलर स्विफ्टचं उदाहरण फार मोठं पडतं. सहा अल्बम, दोनदा झालेली विक्री, वकिलांच्या फौजा. त्यापेक्षा एक छोटं प्रकरण घेऊ. एक बँड, एक अल्बम, जेमतेम नऊ महिन्यांचा खेळ. बँडचं नाव न्यू रॅडिकल्स.

कोण हे न्यू रॅडिकल्स?

ग्रेग अलेक्झांडर हा अमेरिकेतल्या मिशिगनचा मुलगा. १९८९ आणि १९९२ मध्ये त्याचे स्वतःच्या नावाचे दोन अल्बम आले आणि दोन्ही आपटले. मग त्याने डॅनियल ब्रिसबॉय हिच्यासोबत न्यू रॅडिकल्स हे नाव घेतलं. ब्रिसबॉय लहानपणी अमेरिकी टीव्ही मालिकांतून घराघरांत पोचलेली बालकलाकार. या दोघांखेरीज बाकीचे वादक गरजेनुसार येत-जात. म्हणजे बँड म्हटलं तरी कारभार मुख्यतः एकट्या अलेक्झांडरचा: लिहिणारा तो, गाणारा तो, निर्माताही तोच.

२० ऑक्टोबर १९९८ रोजी एमसीए या मोठ्या कंपनीने त्यांचा अल्बम काढला, ‘मेबी यू हॅव बीन ब्रेनवॉश्ड टू’. बारा गाणी. दुकानात तो अल्टरनेटिव्ह रॉकच्या कप्प्यात ठेवला जाई. मुख्य प्रवाहातल्या चकचकीत रॉकपासून फटकून वागणाऱ्या बँडना ही चिठ्ठी लावायची पद्धत होती. खरं सांगायचं तर या अल्बममध्ये सत्तरच्या दशकातला सोल आणि पॉप इतका मुरलेला आहे की चिठ्ठी अर्धीच खरी ठरते.

अल्बममधून सुटं काढलेलं पहिलं गाणं, ‘यू गेट व्हॉट यू गिव्ह’, चाललं. ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं, अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत छत्तिसाव्या. अल्बम अमेरिकेत प्लॅटिनम झाला, म्हणजे दहा लाख प्रतींचा टप्पा गाठला. गाण्याच्या शेवटी अलेक्झांडर आरोग्यविमा कंपन्या, औषध खातं आणि बँकवाले यांच्यावर तोंडसुख घेतो आणि लगेच चार प्रसिद्ध गायक-बँडची नावं घेऊन त्यांना दमात घेतो. पत्रकारांनी काय उचललं असेल? चार नावं. विमा आणि बँका कुणाच्या गावीही नव्हत्या. लोक कशाबद्दल बोलतात ते पाहायला आपण हे मुद्दाम केलं होतं, असं त्याने पुढे सांगितलं.

१२ जुलै १९९९ रोजी त्याने निवेदन काढलं: न्यू रॅडिकल्स बंद. अल्बममधलं दुसरं सुटं गाणं ‘समडे वुई विल नो’ बाजारात यायचं होतं, त्याच्या तोंडावर. सततचा प्रवास आणि प्रसिद्धीच्या कामाचा कंटाळा आला आहे, यापुढे इतरांसाठी गाणी लिहीन आणि त्यांची निर्मिती करीन, असा त्याचा आशय होता. दुसरा स्टुडिओ अल्बम आलाच नाही. (स्टुडिओ अल्बम म्हणजे खास ध्वनिमुद्रित करून एकत्र काढलेली गाणी. मैफलीची रेकॉर्डिंग्ज किंवा जुन्या गाण्यांची निवड त्यात धरत नाहीत.)

तेव्हा हे वेड्याचं लक्षण वाटलं. यशाच्या पायरीवर पाय ठेवायचा आणि उलट फिरायचं? पण संगीताच्या धंद्यात पैसा कुठून कुठे वाहतो हे एकदा पाहिलं, की हा निर्णय बराच हिशेबी दिसू लागतो. त्याच्या मनात हिशेब किती आणि कंटाळा किती, ते तो जाणे.

एका गाण्यात दोन मालमत्ता

सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. आपण ‘गाणं’ म्हणतो तेव्हा कायद्याच्या डोळ्यांना दोन वेगळ्या वस्तू दिसतात.

मराठी नाटकाचं घ्या. नाटककार संहिता लिहितो. निर्माता पैसे घालून, नट जमवून ते रंगमंचावर उभं करतो. प्रत्येक प्रयोगामागे लेखकाचं मानधन ठरलेलं असतं. तिकीटविक्रीचा नफा-तोटा मात्र निर्मात्याचा. वीस वर्षांनी दुसऱ्या निर्मात्याने नव्या संचात तेच नाटक आणलं, तर जुन्या निर्मात्याचा त्या प्रयोगांशी संबंध उरत नाही. लेखकाला मात्र पुन्हा विचारावं लागतं आणि पुन्हा पैसे द्यावे लागतात.

गाण्यातही तसंच. शब्द आणि चाल ही संहिता. तिच्या हक्काला धंद्यात पब्लिशिंग म्हणतात आणि तो सुरुवातीला गीतकार-संगीतकाराकडे असतो. त्या संहितेवरून स्टुडिओत केलेलं एक विशिष्ट ध्वनिमुद्रण म्हणजे मास्टर, आणि ते बहुतेक वेळा त्यावर पैसे लावणाऱ्या कंपनीचं असतं. टेलर स्विफ्टने २०२५ मध्ये परत घेतले ते मास्टर. संहितेचा हक्क तिच्याकडे आधीपासून होता, म्हणून तर ती तीच गाणी नव्याने मुद्रित करू शकली. एकदा मुद्रित केलेलं गाणं ठरावीक वर्षं पुन्हा मुद्रित करायचं नाही, असं कलम बहुतेक करारांत असतं. ती मुदत संपली आणि ती कामाला लागली.

अलेक्झांडरकडे दोन टोप्या होत्या: एक गायकाची, एक लेखकाची. गायकाची टोपी त्याने १९९९ मध्ये खुंटीला टांगली. लेखकाची कधीच काढली नाही.

उचल आणि वसुली

गायकाच्या टोपीखाली पैसा कसा येतो? मोठी कंपनी करार करते तेव्हा आगाऊ रक्कम देते. आपण तिला उचल म्हणू. अल्बम पडला तर ही उचल सहसा परत करावी लागत नाही, एवढी त्यातली गोड बाजू. कडू बाजू अशी की अल्बम चालला, तर ती आधी वसूल होते, आणि होते कलाकाराच्या वाट्यातून. स्टुडिओचं भाडं, व्हिडिओचा निम्मा खर्च, दौऱ्यासाठी दिलेली मदत, सगळं त्याच खात्यावर चढत जातं.

आकडे घालून पाहू. हे आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, न्यू रॅडिकल्सच्या कराराचे नव्हेत. समजा सीडीची घाऊक किंमत १० डॉलर, कलाकाराचा वाटा १२ टक्के, म्हणजे सीडीमागे १ डॉलर २० सेंट. उचल आणि इतर खर्च मिळून ६ लाख डॉलर खात्यावर आहेत. ते फिटायला ५ लाख सीडी विकल्या जाव्या लागतील. तोवर कंपनीच्या गल्ल्यात ५० लाख डॉलर आलेले असतील. त्यातून छपाई, वाहतूक, जाहिरात वजा करा, तरी कंपनी बरीच आधी फायद्यात गेलेली असते. कलाकार मात्र कागदोपत्री अजून कर्जातच.

अल्बमवर गाजलेला चेहरा आणि रिकामा खिसा हे एकाच माणसाचे असू शकतात, ते असे.

आता लेखकाची टोपी. अमेरिकेत गाण्याची प्रत विकली गेली की गीतकार-संगीतकाराला कायद्याने ठरलेली रक्कम मिळते. १९९८-९९ मध्ये ती गाण्यामागे ७.१ सेंट होती. कंपन्यांनी इथेही चलाखी केली: स्वतःची गाणी स्वतः गाणाऱ्याच्या करारात या दराच्या ७५ टक्केच देऊ आणि तेही जास्तीत जास्त दहा गाण्यांचे, असं कलम घालायची प्रथा पडली. ते धरलं तरी सीडीमागे सुमारे ५३ सेंट होतात. आपल्या उदाहरणातल्या त्याच ५ लाख सीडींवर साधारण २ लाख ६६ हजार डॉलर. त्यात पब्लिशर, म्हणजे लेखकाच्या वतीने हक्क सांभाळणारी कंपनी, तिचा वाटा घेते. पण हा पैसा सर्वसाधारणपणे रेकॉर्ड कंपनीच्या वसुलीच्या खात्यात जात नाही. पहिल्या सीडीपासून तो लेखकाचा असतो.

अमेरिकी रेडिओचं कोडं

मला या सगळ्यात सर्वांत चमत्कारिक वाटते ती ही गोष्ट. अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं, तर गीतकार-संगीतकाराला आणि पब्लिशरला पैसे मिळतात. गायकाला नाही. वादकांना नाही. मास्टरच्या मालकालाही नाही. रेडिओवाल्यांचा जुना युक्तिवाद असा, की आम्ही तुमची फुकट जाहिरात करतो, वर पैसे कसले मागता? इंटरनेट आणि उपग्रह रेडिओसाठी नव्वदच्या दशकात वेगळे नियम झाले. जुना रेडिओ मात्र आजही सुटलेला आहे. जगातल्या बहुतेक प्रगत देशांत गायकालाही हिस्सा मिळतो, ब्रिटनमध्ये मिळतो. अमेरिकेत नाही.

१९९९ साली गाजलेला गायक दिवसभर काय करायचा? गावोगावच्या रेडिओ केंद्रांवर जायचा, कार्यक्रम-प्रमुखांशी हात मिळवायचा, त्यांच्या श्रोत्यांसाठी फुकट गायचा. कशासाठी? गाणं रेडिओवर वाजावं म्हणून. वाजल्याचे पैसे कुणाला? लेखकाला. सीडी खपतील ही आशा असे, पण त्या पैशांचं काय होतं ते वर पाहिलंच. अलेक्झांडर स्वतःच लेखक असल्यामुळे त्याला त्यातून काही मिळत होतं. पण गाणं दुसऱ्या एखाद्या उत्साही गायकाला दिलं, तर ही वणवण तो गायक करेल आणि लेखकाचे पैसे तरीही येतील. निवेदनातला प्रवासाचा कंटाळा या संदर्भात वाचून पाहा.

मग त्याने पुढे काय केलं?

सांगितलं तेच. २००० मध्ये रोनन कीटिंगने गायलेलं ‘लाइफ इज अ रोलरकोस्टर’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. लेखक ग्रेग अलेक्झांडर आणि रिक नोवेल्स. २००२ मध्ये सँटाना आणि मिशेल ब्रांच यांचं ‘द गेम ऑफ लव्ह’ आलं, त्याला ग्रॅमी मिळालं. लेखक तीच जोडी. २०१५ च्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेलं ‘लॉस्ट स्टार्स’ अलेक्झांडर आणि ब्रिसबॉय यांचं. श्रेयनामावलीत त्याने कधी कधी टोपणनावंही वापरली. प्रसिद्धीचा तिटकारा खोटा नव्हता म्हणायचा.

बँड बंद करताना वाऱ्यावर सोडलेलं ‘समडे वुई विल नो’ सुद्धा मेलं नाही. २००२ मध्ये मँडी मूर आणि जोनाथन फोरमन यांनी ते एका चित्रपटासाठी गायलं, पुढच्या वर्षी हॉल आणि ओट्स यांच्या अल्बममध्ये आलं. नव्या आवृत्तीत जुना मास्टर वापरलेला नसतो, त्यामुळे जुन्या कंपनीला त्यातून काही मिळत नाही. लेखकांना मिळतं.

सगळ्यात गंमत २०२३ च्या अखेरीस झाली. ‘सॉल्टबर्न’ चित्रपटाच्या शेवटी सोफी एलिस-बेक्स्टरचं २००१ मधलं ‘मर्डर ऑन द डान्सफ्लोर’ वाजलं आणि बावीस वर्षांचं गाणं ब्रिटनच्या यादीत पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर चढलं. अमेरिकेच्या मुख्य यादीत तर ते तेव्हा पहिल्यांदाच शिरलं. सहलेखक कोण? अलेक्झांडर. त्याच हिवाळ्यात ‘एनीवन बट यू’ या दुसऱ्या चित्रपटामुळे नताशा बेडिंगफील्डचं २००४ चं ‘अनरिटन’ पुन्हा गाजू लागलं. त्याची एक सहलेखिका डॅनियल ब्रिसबॉय. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या बँडच्या दोन्ही खांबांची गाणी एकाच मोसमात, वेगवेगळ्या चित्रपटांमुळे, वेगळ्याच गायिकांच्या आवाजात जगभर वाजत होती.

चित्रपटात गाणं घ्यायचं तर दोन परवानग्या लागतात, एक संहितेच्या मालकाची आणि एक मास्टरच्या मालकाची. मास्टरवाल्याने फारच भाव खाल्ला, तर दिग्दर्शक नव्या गायकाकडून गाणं गाऊन घेऊ शकतो. संहितावाल्याने नाही म्हटलं, तर दुसरी वाटच नसते. लेखकाची बाजू वरचढ आहे ती इथे.

बँड म्हणून दोघं पुन्हा उभे राहिले ते २० जानेवारी २०२१ रोजी, जो बायडेन यांच्या शपथविधीच्या दूरदृश्य संचलनात. बायडेन यांचा मुलगा बो कर्करोगाशी झुंजत होता तेव्हा ‘यू गेट व्हॉट यू गिव्ह’ हे त्या कुटुंबाचं धीराचं गाणं झालं होतं. एकच गाणं, बावीस वर्षांनी. दुसरा अल्बम तेव्हाही नाही.

‘पण कंपनीने पैसे लावले, मग मास्टर तिचा का नसावा?’

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. रेकॉर्ड कंपन्यांनी करारबद्ध केलेल्या बहुतेक अल्बमची उचल कधीच वसूल होत नाही. दहा बुडतात तेव्हा एक तरतो, आणि त्या एकाने दहांचं भरून काढायचं असतं. अलेक्झांडरचे आधीचे दोन अल्बम याच बुडालेल्यांत होते.  तिसऱ्यांदा एका कंपनीने त्याच्यावर पैसे लावले, हेही विसरू नये.

मला खटकतं ते पुढचं. घरासाठी कर्ज काढलं आणि फेडलं, की घर आपलं होतं. इथे कलाकार आपल्या वाट्यातून मुद्रणाचा खर्च फेडतो आणि फेडून झाल्यावरही मास्टर कंपनीचाच राहतो. जोखमीचा मोबदला जास्त असावा हे मान्य. तो कायमचा असावा का, हा खरा वाद आहे, आणि आजचे नवे कलाकार त्यावर वेगळा तोडगा काढतात: मास्टर स्वतःकडे ठेवायचा आणि कंपनीला तो ठरावीक वर्षांपुरता वापरायला द्यायचा. उचल अर्थातच कमी मिळते.

‘स्ट्रीमिंग आल्यावर हे सगळं जुनं झालं ना?’

उलट, एका बाबतीत पारडं फिरलं आहे. ऐकण्याच्या ॲपला मिळणाऱ्या पैशांतला निम्म्याहून अधिक भाग मास्टरच्या मालकाकडे जातो. संहितेच्या वाट्याला साधारण १५ टक्क्यांच्या आसपास. रेडिओवर जो लेखक राजा होता, तो ॲपवर धाकटा भाऊ झाला. नुसती गाणी लिहून जगणाऱ्यांची सध्याची ओरड यातूनच येते, आणि ती रास्त आहे. १९९९ मध्ये अलेक्झांडरने घेतलेला निर्णय आज एखाद्या तरुणाने घेतला, तर हिशेब इतका सोपा बसेल असं मला वाटत नाही. लेखनासोबत निर्मितीही केली, तर मास्टरमधला थोडा हिस्सा करारात मागता येतो. हल्ली बरेच जण तेच करतात.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे गाणं म्हणजे बहुधा चित्रपटाचं, त्यामुळे भांडण निर्मात्याशी. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की वेगळा करार नसेल तर चित्रपटासाठी लिहून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माता. म्हणजे संहिताही त्याची आणि मास्टरही त्याचाच. गीतकाराला एकरकमी मोबदला मिळाला की विषय संपला.

२०१२ मध्ये कायदा बदलला. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर त्यासाठी जोर लावला होता. आता गीतकार-संगीतकाराने बाकी हक्क लिहून दिले तरी, चित्रपटगृहात चित्रपट दाखवण्याखेरीज इतर वापरावरचा रॉयल्टीचा समान वाटा त्यांच्याकडून कुणी लिहून घेऊ शकत नाही. सही घेतली तरी ती सही त्या बाबतीत चालत नाही. गायकांनाही रॉयल्टीचा हक्क याच दुरुस्तीने मिळाला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात अबोला झाला आणि काही वर्षं दोघांनी एकत्र गायलं नाही, त्यामागे हाच प्रश्न होता: गायकाला गाण्यावर रॉयल्टी मिळावी की नाही. लताबाईंचं म्हणणं होतं मिळावी. रफींचं म्हणणं, मेहनताना घेतला, हिशेब मिटला. कायद्याने लताबाईंची बाजू घ्यायला अर्धशतक लावलं.

पस्तीस वर्षांनी उघडणारी खिडकी

अमेरिकी कायद्यात आणखी एक तरतूद आहे. लेखकाने १९७८ पासून पुढे आपला हक्क कितीही पक्का लिहून दिला असला, तरी साधारण ३५ वर्षांनी तो परत मागता येतो. कलाकार पहिला करार करतो तेव्हा तो तरुण आणि गरजू असतो, गाण्याची खरी किंमत तेव्हा कुणालाच ठाऊक नसते, असा त्यामागचा विचार. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाला ही सवलत नाही. गायकांनी मास्टर परत मागितले की कंपन्या याच मुद्द्यावर कोर्टात भांडतात: मास्टर हे आमच्यासाठी करून दिलेलं काम होतं, म्हणून परत देणार नाही. संहितेबाबत एवढा वाद नसतो.

१९९८ मध्ये लिहून दिलेल्या हक्काची ३५ वर्षं २०३३ मध्ये भरतात. नोटीस किमान दोन वर्षं आधी द्यावी लागते आणि जास्तीत जास्त दहा वर्षं आधी देता येते. म्हणजे १९९८ च्या त्या पिढीतल्या गीतकारांसाठी नोटिशीची खिडकी २०२३ मध्येच उघडली आहे.